मुकी सायकल

आमच्याकडच्या दोन सायकलींना मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक असूनही पुष्कळ दिवस सुटला नव्हता. 'विजेरी' म्हणावे, तर तो शब्द हातातल्या टॉर्चने केव्हाच अडवून ठेवलेला. 'विद्युत-सायकल' म्हटले की एखाद्या निविदेचा मसुदा वाचल्यासारखे वाटते. दुकानदार 'ई-बाईक' म्हणतो, आमचे विद्यार्थी 'बॅटरीची सायकल' म्हणतात आणि महाविद्यालयातले शिपाईमामा 'चार्जिंगवाली'. कायद्याने तर याहून मोठी गंमत केली आहे. मोटर २५० वॅटच्या आत असेल आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते मोटारवाहनच नव्हे. परवाना नाही, क्रमांक नाही, विमा नाही. म्हणजे वाहनांत ती मोजली जात नाही, आणि मोटर असल्यामुळे अस्सल सायकलस्वार तिला सायकलींतही घेत नाहीत. मराठीच्या प्राध्यापकांना अशा दोन्हीकडून गळलेल्या वस्तूंविषयी आपुलकी वाटावी, हे स्वाभाविकच.

त्या आम्ही २०२१ साली घेतल्या. कारण अगदी गद्य होते. आमच्यातल्या एकाच्या गुडघ्याने चाळिशीतच असहकार पुकारला होता, आणि यवतमाळ हे पठारावरचे गाव. शहरातून कोणत्याही दिशेने बाहेर पडले की आधी उतार लागतो, आणि जो उतार सकाळी हसतहसत घेतला तोच परतताना चढ होऊन समोर उभा राहतो. साध्या सायकलीने एकदा गोधनीपर्यंत जाऊन आल्यावर दोन दिवस जिना चढवेना. मग या सायकली आल्या. पायडल मारावेच लागते, पण चढ आला की मागच्या चाकातली मोटर हळूच हात लावते, लहानपणी सायकल शिकवताना वडील मागून सीट धरत तशी. पायडलला अशी साथ देणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली प्रथम बाजारात आणली. आज ती जगात इतकी रुळली आहे की २०२३ साली जर्मनीत विजेच्या सायकलींचा खप साध्या सायकलींहून अधिक झाला. तिकडे या सायकलींसाठी रानांतून, नद्यांच्या काठाने आखलेल्या वाटा असतात, त्यांवर खुणांच्या पाट्या असतात. आमच्या जिल्ह्यात पाट्या नाहीत. पण वाटा पुष्कळ आहेत, आणि त्यांना जुने नाव आहे : पांदण. दोन्ही बाजूंना धुरे, धुऱ्यांवर बोरी-बाभळी, मध्ये बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि चाकोऱ्यांच्या मध्ये गवताची एक पट्टी. सायकल एका चाकोरीत बसली की ती आपोआप चालते. पावसाळ्यात मात्र पांदणीचे नाव काढू नये. आमची काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि बॅटरीसह तिचे वजन बावीस किलो असते.

या सायकलींवरून फिरू लागल्यावर जी गोष्ट सर्वांत आधी जाणवली ती वेग नव्हे, चढ नव्हे. ती होती शांतता. वर्षानुवर्षे आम्ही याच रस्त्यांवरून स्कूटरने गेलो होतो, एसटीने गेलो होतो, परीक्षांच्या दिवसांत भाड्याच्या जीपमधून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन गेलो होतो. जिल्हा पाहिलेला होता, ऐकलेला नव्हता. निळोणा धरणाकडे सकाळी जाताना सागाच्या वाळक्या पानावर दुसरे पान पडते तेव्हा केवढा आवाज होतो, हे आम्हांला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळले. वेचणीला निघालेल्या बाया वळणापलीकडून येत असताना त्यांचे बोलणे आधी येते आणि बाया मागून येतात. मोह गळतो तेव्हा तो ऐकू येतो. आम्ही बोलत असू तेही हळू आवाजात, कारण ओरडण्याची गरजच उरली नव्हती.

दारव्हा रस्ता हा आमचा त्या पहिल्या वर्षातला लाडका रस्ता. लोहाऱ्याच्या ज्या जंगलात १९३० च्या जुलैत सत्याग्रह्यांनी राखीव रानातले गवत कापून कायदा मोडला, त्याच्या बाजूने हा रस्ता जातो. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे. पुढे लासिना, लाडखेड अशी गावे येतात आणि त्यांच्या आगेमागे शकुंतलेचे रूळ भेटत राहतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा अडीच फुटी लोहमार्ग, विसाव्या शतकाच्या आरंभी इथला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेला. १९९४ पर्यंत या गाडीला मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन होते. त्यानंतर डिझेलचे आले, आणि मग गाडीच थांबली. आता रुळांत बाभळी उभ्या आहेत. गाडीला 'शकुंतला' हे नाव पडले त्याच्या कथा ज्याच्या त्याच्या वेगळ्या; पण कालिदासाची नायिका सासरी जायला निघते तेव्हा तिचा पाय निघत नाही, आणि ही गाडीही तशीच पाय न निघालेल्या मुलीसारखी चाले, हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा जुन्या माणसांकडून ते ऐकलेली मुले हसतात. तिचा वेग आमच्या सायकलींएवढाच होता. लासिन्याच्या पुढे एका ठिकाणी रूळ आणि रस्ता बराच वेळ सोबत चालतात. तिथे आम्ही मुद्दाम हळू होत असू.

टिपेश्वरला जाऊन आलो, त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. सायकली गाडीत टाकून पांढरकवड्यापर्यंत नेल्या, सुन्ना प्रवेशद्वारापर्यंत चालवल्या आणि तिथून परतलो. अभयारण्यात दुचाकीला प्रवेश नसतो, आणि तो नसावा हेही बरोबरच आहे. तिथून परतताना मात्र एका वाघाची आठवण निघाली. याच टिपेश्वरात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन बाहेर पडला आणि महाराष्ट्र-तेलंगणाच्या अनेक जिल्ह्यांतून शेते, ओढे, पांदणी तुडवत त्याच वर्षाच्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण सुमारे तीन हजार किलोमीटर. त्याला 'वॉकर' असे नाव पडले. दिवसा तो कुठे तरी दडून राही आणि रात्री चाले. माणसे झोपलेल्या गावांच्या शेजारून तो गेला, असे तेव्हा सर्वांनीच लिहिले. माणसे झोपलेली असतात हे आम्हीही तेव्हा गृहीतच धरले होते.

आता मूळ प्रसंगाकडे येतो.

डिसेंबर २०२२ मधला एक शनिवार. कळंबला जायचे, चिंतामणीचे दर्शन घ्यायचे, तिथे एका स्नेह्यांकडे जेवायचे आणि परत यायचे, एवढाच बेत होता. यवतमाळहून कळंब बावीस-तेवीस किलोमीटर. जाताना उतार अधिक, म्हणून मोटर जवळजवळ वापरलीच गेली नाही. बाजूला वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचे मातीचे भराव दिसत होते. त्यावरून कळंबपर्यंत गाडी धावायला पुढे फेब्रुवारी २०२४ उजाडला. चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून देवाकडे जावे लागते, आणि समोर कुंड आहे. काही वर्षांनी एकदा कुंडातले पाणी चढत चढत देवाच्या पायांना लागते, अशी श्रद्धा आहे. आम्ही गेलो तेव्हा पाणी आपल्या जागी होते. जेवण झाले. बॅटरीच्या चारपैकी तीन रेघा शिल्लक होत्या, तेव्हा स्नेह्यांनी दोनदा सांगूनही आम्ही सायकली चार्जिंगला लावल्या नाहीत. उतारावरून आलेल्या माणसाला स्वतःच्या शक्तीविषयी जो भ्रम होतो तोच आम्हांला झाला होता. तेवढ्यावर भागले नाही. ऊन छान होते, म्हणून हमरस्त्याने न परतता राळेगाव तालुक्याच्या शिवेकडच्या पांदणींतून मोठा वळसा घेऊन यावे असे ठरले.

वळसा अतिशय देखणा होता. तुरी पिवळ्या पडायला लागल्या होत्या. पऱ्हाटीवर दुसऱ्या-तिसऱ्या वेचाचा कापूस लोंबत होता. हरभरा नुकता फुलावर येत होता. पण पांदणीत मोटरला रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक ओढावे लागते, हे गणित आम्ही केलेच नव्हते. चारच्या सुमारास एका सायकलीची शेवटची रेघ लुकलुकली आणि विझली. दुसरीचीही पाचेक किलोमीटरपुरतीच होती. बंद मोटरची ती सायकल चढावर ढकलणे म्हणजे आजारी वासराला दाव्याने ओढत नेणे. अर्ध्या तासाने एक गाव लागले. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण तिथल्या ज्या घराने आम्हांला त्या रात्री ठेवून घेतले त्यांना असे लिहिलेले आवडेल की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.

घराच्या दारात एक गृहस्थ फवारणीचा पंप धूत बसले होते. पस्तिशीचे असावेत. आम्ही अडचण सांगितली. त्यांनी आमचा चार्जर हातात घेतला, उलटा करून त्यावरचे आकडे वाचले आणि म्हणाले, "हे छत्तीसची हाये. आमच्या पंपाची बाराची असते." फवारणीच्या पंपालाही बॅटरीच असते, हे आम्हांला ठाऊक होते. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा त्या पंपांविषयी आम्ही वर्तमानपत्रांतून वाचलेही होते. पण आमची सहलीची सायकल आणि तो पंप एकाच जातीचे आहेत, हे तोवर आमच्या ध्यानात आले नव्हते.

आम्ही विचारले, "लाईट आहे ना?"

"घरी हाये ना. घरची लाइन दिवसभर असते. वावरात नाई. वावरातली रातच्या दहाले येते."

ओसरीवरच्या बटणात चार्जर लागला आणि त्याचा तांबडा दिवा पेटला. आम्ही निश्चिंत झालो. ते पंप धूत राहिले. घराची वीज आणि शेतपंपाची वीज वेगवेगळ्या वाहिन्यांवरून येते, शेतपंपाला थ्री फेज लागतो आणि तो आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असा पाळीने मिळतो, हे सर्व त्यांनी आम्हांला नीट समजावून सांगितले. तक्रारीचा सूर त्यात नव्हता, बसचे वेळापत्रक सांगावे तसे ते सांगत होते. मागाहून आम्ही हिशेब केला. आमची एक बॅटरी पूर्ण भरायला एक तृतीयांश युनिटपेक्षा थोडी अधिक वीज लागते. त्यांचा पाच अश्वशक्तीचा पंप एका तासात जेवढी वीज घेतो तेवढ्यात ती दहा वेळा भरून निघेल. दिवसाउजेडी, मागितल्या क्षणी, आम्हांला ती मिळाली होती.

एका बॅटरीला पुरते भरायला चार-साडेचार तास लागतात, चार्जर एकच बरोबर होता, आणि अंधार सहालाच पडणार होता. तरी आठपर्यंत निघू, असे आम्ही म्हणत होतो. ते त्या माउलीने ऐकले आणि दारातूनच निकाल दिला : "रातच्यानं काई जाऊ नका. सकाळी जासान." मग आमची विभागणी झाली. आमच्यातला एक ओसरीवर राहिला, आमच्यातली एक चुलीपाशी गेली. पुढचे जे आम्ही लिहितो आहोत ते या दोन ठिकाणी ऐकलेले, आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर एकमेकांना सांगितलेले आहे.

जेवायला ज्वारीची भाकरी, सोल्यांची भाजी आणि मिरचीचा ठेचा होता. 'सोले' म्हणजे तुरीचे ओले दाणे. उद्धव शेळक्यांची 'धग' आम्ही दोघांनी अनेक वर्षे शिकवली आहे. त्यातले वऱ्हाडी शब्द पुण्यामुंबईच्या वाचकांना अडतात, असे आम्ही प्रस्तावनेदाखल सांगतो, आणि आपल्याला ते अडत नाहीत याचा थोडा अभिमानही बाळगतो. त्या रात्री आमच्या लक्षात आले की आम्हांला शब्दांचे अर्थ येतात, वेळा येत नाहीत. 'जागल' म्हणजे पिकाची रात्रीची राखण, हा अर्थ आम्ही फळ्यावर लिहिलेला आहे. ती किती वाजता सुरू होते, त्या वेळी घरातली बाई काय करीत असते, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

साडेनऊला गृहस्थ निघाले. हरभऱ्याला तुषार सिंचनाने पाणी द्यायचे होते. आमच्यातल्या एकानेही येतो म्हटले. गृहस्थांनी आधी नको-नको केले, मग जुन्या मोटरसायकलच्या मागच्या सीटकडे बोट दाखवले. सायलेन्सर फुटका होता आणि आवाज असा, की ओसरीवरचे लहान मूल दचकून उठले. तोवर दुसऱ्या सायकलीत थोडीशी वीज भरलेली होती. आम्ही सहज म्हटले, "हिच्यावरून जा ना, वावर दोन किलोमीटरच आहे, गावाची झोपमोडही होणार नाही."

ते हसले. सायकलीचे मागचे चाक उचलून त्यांनी ते हाताने फिरवून पाहिले. "आवाज नाई ना याले," ते म्हणाले, "आवाज पाह्यजे. जनावराले समजलं पाह्यजे का मानूस येऊन रायला."

घरातून बाई म्हणाल्या, "मुकी सायकल हाये थे. मुक्या गाडीवर रातचं जात नाई कोनी."

'जनावर' म्हणजे कोण, हे विचारण्याची गरज नव्हती. रात्री त्याचे नाव त्या घरात घेत नाहीत. राळेगाव तालुका तिथून फार दूर नाही. २०१६ ते २०१८ या काळात तिथल्या आणि पांढरकवड्याकडच्या शिवारांत तेरा माणसे मारल्याचे ज्या वाघिणीवर नोंदवले गेले, ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात गोळीने मारली गेली. ती वनखात्याच्या कागदांत टी-१ होती आणि वर्तमानपत्रांत 'अवनी'. तिच्या मृत्यूवरून देशभर वाद झाला, न्यायालयापर्यंत गेला. आमच्या स्टाफरूममध्येही दोन तट पडले होते, आणि आम्ही, खरे सांगायचे तर, बऱ्यापैकी तावातावाने वाघिणीच्या बाजूने बोललो होतो. आजही ती मेली याचे आम्हांला वाईटच वाटते. पण त्या दोन वर्षांत या घरातली बाई वेचणीला जाताना दहा-बारा जणींच्या घोळक्यातच जात होती, ऊन चढल्यावर जात होती आणि चारच्या आत परतत होती. मजुरी त्या मानाने कमी पडत होती. आणि नवरा मात्र रात्री जातच होता, कारण लाइन रात्रीच येत होती. हे तिने चुलीपाशी, भाकरी थापता थापता सांगितले. आमच्या वादात यातले काहीच आलेले नव्हते.

वावरात मचाण होते. त्याच्या शेजारी शेकोटी लावली. मचाणाच्या खांबाला एक लहानसा स्पीकर टांगलेला होता. गृहस्थांनी पेन ड्राइव्ह घातला आणि गाणी सुरू केली, जेवढा आवाज जाईल तेवढा मोठा. जुनी हिंदी गाणी, भीमगीते, मध्येच कुठल्याशा महाराजांचे कीर्तन. लाइन दहाला यायची ती दहा वीसला आली. पेटीतला दिवा लागला, पंप घुमला, आणि चांदण्यात फवारे फिरू लागले. दृश्य सुंदर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पंप सुरू करायला माणूस लागत नाही, आपोआप चालू होणारे स्टार्टर आता सर्रास आहेत. पण पाईप माणसालाच हलवावे लागतात. दोन-अडीच तासांनी पंप थांबवायचा, भिजलेल्या चिखलात उतरून एकेक पाईप सोडवायचा, खांद्यावर घेऊन कोरड्या पट्ट्यात मांडायचा, पुन्हा पंप सुरू करायचा. डिसेंबरची थंडी, कमरेपर्यंत ओले कपडे. पाईप नेताना ते मोठ्याने बोलत होते. आधी आम्हांला वाटले, आमच्याशीच. मग कळले की ते एकटे असतानाही असेच बोलतात.

इकडे घरात दिवा मालवला होता. आमच्यातल्या एकीला झोप येईना. बाईंनाही आली नव्हती. वाऱ्याची दिशा तिकडची असली की वावरातली गाणी घरापर्यंत ऐकू येतात. त्या रात्री येत होती, बारीक, मधूनमधून तुटत. "गानं वाजत रायलं म्हंजे मले झोप लागते," बाई म्हणाल्या, "बंद झालं का उठून बसतो." (आमच्या बोलीत बाईही 'बसतो'च म्हणते, व्याकरणाच्या तासाला यावर दर वर्षी चर्चा होते.) गाणे बंद झाले तर पेन ड्राइव्ह संपला असेल, स्पीकरची बॅटरी उतरली असेल. मग ती फोन लावते. फोन उचलला की काही न बोलता ठेवते. फोनमध्ये पैसे असोत-नसोत, घंटी गेली पाहिजे. वारा उलटा असेल त्या रात्री मग तासातासाला फोन.

सकाळी सहाला लाइन गेली. पंप थांबला, स्पीकर बंद झाला, आणि वावरात जी शांतता पसरली ती आम्ही निळोण्याच्या वाटेवर इतक्या कौतुकाने ऐकत आलो होतो तीच होती. पाखरे बोलायला लागली. गृहस्थ शेकोटीच्या राखेत पाय खुपसून बसल्याबसल्या झोपले.

चहा घेताना त्यांचा धाकटा भाऊ आला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या महाविद्यालयांत नव्हे. एक रात्र दादा जातो, एक रात्र हा. सकाळच्या पहिल्या तासाला पोचतो, पण डोळा लागतो आणि सर उभे करतात, असे तो हसत म्हणाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. पहिल्या तासाला झोपणारी मुले आमच्याही वर्गांत असतात. त्यांना रात्री मोबाईल पाहू नका असे आम्ही, दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत, जवळजवळ एकाच वाक्यात सांगत आलो होतो.

निघताना विजेचे पैसे देऊ केले. "इज्लीचे पैसे कोनी घेते काय?" एवढेच उत्तर मिळाले. लहान मुलाच्या हातावर काही ठेवले, तर तेही आईने परत दिले. शेवटी आम्ही आमच्याकडची हवेची पिशवी, म्हणजे सायकलीचा लहान पंप, तिथे विसरलो आणि तो आणायला परत गेलो नाही. तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता, हे आम्हांला तेव्हाही कळत होते.

परतीचा चढ बॅटऱ्या भरलेल्या असूनही आम्ही बराच पायांनी चढलो. त्यात प्रायश्चित्त वगैरे काही नव्हते, थंडी फार होती. भारे घेऊन येणाऱ्या दोन बाया एका वळणावर आमच्या अगदी पुढ्यात आल्या आणि दचकून बाजूला झाल्या. "घंटी तं वाजवा ना बाप्पा!" त्यातली एक म्हणाली. असे त्यापूर्वीही दोन-तीनदा घडले होते. तोवर आम्ही त्याला वाटेतली मौज समजत होतो. आमच्या सायकलींना विकत घेतल्या तेव्हापासून एक प्लास्टिकची बारीक घंटी होती, तिचा आवाज चमच्याने कप वाजवावा तसा. पुढच्या आठवड्यात मेन लाइनच्या एका जुन्या दुकानातून पितळी वाटीच्या दोन घंट्या आणून बसवल्या, दूधवाल्यांच्या सायकलींना असतात तशा.

त्या घराशी फोन चालू राहिला. दिवसा शेतपंपाला वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ साली सौर कृषिवाहिनी योजना आणली होती, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. गेल्या हिवाळ्यात बाईंनी आपणहून फोन केला आणि सांगितले की त्यांच्या फीडरवर आता दिवसाची लाइन झाली. आमच्यातल्या एकीने आनंदाने विचारले, म्हणजे रात्री जाणे थांबले? तसे नव्हते. हरभऱ्याला आता रोही आणि डुकरे होती, जागल होतीच. पाईप मात्र दिवसा उन्हात बदलता येत होते, आणि हे थोडे नाही, असे त्या म्हणाल्या. स्पीकर नवा घेतला होता. धाकट्याचे बी.ए. झाले होते.

मग त्यांनी विचारले, "थे तुमची मुकी सायकल हाये काय अजून?"

आहे, म्हटले.

"घंटी बसवली काय?"

बसवली, म्हटले.

"वाजवून दाखवा बरं."

सायकली खाली पार्किंगमध्ये होत्या. फोन हातात धरून दोन जिने उतरावे लागले.